थंडीचा पहारा चुकवून आलेले किडे

घरात मुलांच्या शाळेचा जगाचा नकाशा असेल तर तो जरा जमिनीवर पसरा. मुंबईवर बोट ठेवा आणि ते सरळ खाली, दक्षिणेकडे न्या. अरबी समुद्र संपतो, विषुववृत्त मागे पडते, पुढे नुसते पाणीच पाणी. लक्षद्वीप-मालदीवचे ठिपके सोडले तर वाटेत मोठी जमीन नाही. साधारण साडेसात हजार किलोमीटर असे खाली गेलात की बोटाच्या किंचित डाव्या हाताला एक बेटांचा पुंजका दिसेल. नकाशा लहान असेल तर दिसणारही नाही. त्याचे नाव केर्गेलेन. आपल्या मुंबईच्या किनाऱ्याला जे पाणी लागते, त्याच महासागराच्या दुसऱ्या टोकाला ही बेटे आहेत.

१७७२ साली केर्गेलेन नावाच्या एका फ्रेंच दर्यावर्दीला ती दिसली. आजही ती फ्रान्सच्या ताब्यात आहेत. तिथे गाव नाही, शेती नाही, एकही झाड नाही. पाळीपाळीने येणारे शास्त्रज्ञ आणि त्यांच्या तळावरचे कामगार, एवढीच माणसे. वारा मात्र अखंड. वर्षाचे सरासरी तापमान चार ते पाच अंश सेल्सियस. आपल्याकडे फ्रिजमध्ये भाजी ठेवतो तेवढे! आणि ते बारा महिने तसेच. उन्हाळ्यातला सगळ्यात उबदार महिनासुद्धा सरासरी सात-आठ अंशांवर थांबतो.

अशा ठिकाणी किडा-मुंगी कशी जगत असेल, असा प्रश्न कुणालाही पडेल. पण किडे आहेत. हजारो वर्षांपासून राहणारे मूळचे किडे आहेत आणि गेल्या शे-दीडशे वर्षांत माणसाच्या सामानातून उतरलेले परके किडेही आहेत. या दोघांचे थंडीशी वागणे सारखे नाही. ते कसे वेगळे आणि त्याचा परिणाम काय झाला, हे समजून घेण्यासारखे आहे.

पंख नसलेली माशी

आधी मूळ रहिवाशांकडे पाहू. केर्गेलेनवर एक माशी आहे, तिला पंखच नाहीत. मेलेल्या पक्ष्यांच्या, सीलच्या कुजक्या मांसावर ती आणि तिच्या अळ्या जगतात. नाव आनातालांता. माशी म्हणायची आणि उडता येत नाही, ती मुंगीसारखी दगडांतून चालत जाते! १८४० साली जोसेफ हूकर हा इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ या बेटांवर आला. अशा बेटांवरच्या कीटकांनी पंख का टाकले यावर पुढे त्याचा आणि त्याचा मित्र चार्ल्स डार्विनचा वाद झाला. डार्विनचे म्हणणे असे, की जो उडाला त्याला वाऱ्याने समुद्रात नेले आणि जो जमिनीला चिकटून राहिला तो वाचला. हूकरला ते पटले नाही. हा वाद दीडशे वर्षांहून जास्त रेंगाळला. २०२० साली ऑस्ट्रेलियातील मोनॅश विद्यापीठाच्या रेचेल लेही आणि स्टीव्हन चाऊन यांनी दक्षिण महासागरातील बेटांच्या कीटकांची सगळी माहिती एकत्र करून तपासली. तिथल्या मूळ कीटकांपैकी जवळपास निम्मे उडत नाहीत, आणि त्याला मुख्य कारण वाराच, असे निघाले. डार्विनचे बरोबर ठरले. थंडीत आणि वाऱ्यात उडायला शक्ती फार लागते. ती शक्ती अंडी घालायला वापरलेली बरी, असा तो निसर्गाचा हिशोब.

पण याची दुसरी बाजू अशी, की ज्याने पंख टाकले त्याला संकट आले तर पळता येत नाही.

आता थंडीचे पाहू. माणसाचे शरीर पेटत्या चुलीसारखे आहे. बाहेर कितीही गारठा असो, आत ३७ अंश राखायचे हे आपले शरीर स्वतः करते. किड्याचे शरीर दगडासारखे. हवा जितकी गार तितका तो गार. हवा शून्याखाली गेली की त्याच्या अंगातले पाणीही गोठायला बघते. पाण्याचा बर्फ होताना तो फुगतो, त्याचे अणकुचीदार स्फटिक होतात आणि पेशी फाटतात. मग जगायचे कसे?

मार्ग दोन आहेत. पहिला म्हणजे अंगातले पाणी गोठूच द्यायचे नाही. कुल्फीवाल्याच्या माठात बर्फावर खडेमीठ टाकलेले आपण पाहतो. त्या मिठाचे पाणी शून्याच्या खाली जाते तरी पातळच राहते. किडे हेच करतात, फक्त मिठाऐवजी ग्लिसरीन आणि साखरेसारखे पदार्थ रक्तात साठवतात. थंडीच्या आधी पोट रिकामे करतात, कारण पोटातल्या अन्नाच्या कणावर बर्फ धरू लागतो. दुसरा मार्ग विचित्र आहे. गोठायचे! पण पेशीच्या बाहेरचे पाणी गोठू द्यायचे, आतले नाही. बर्फाने अंग कडक होते, हालचाल बंद. ऊन आले की वितळायचे आणि चालू लागायचे.

या थंड बेटांवर दुसऱ्या मार्गाचे कीटक बरेच सापडतात. त्याचे कारणही आहे. उत्तरेकडच्या देशांत हिवाळा ठरलेल्या वेळी येतो, किडा आधीच तयारीला लागतो. इथे हिवाळा तसा फार कडक नसतो, पण दहिवर भर उन्हाळ्यातल्या रात्रीही पडू शकते. आज दुपारी सात अंश, पहाटे उणे दोन. तयारीला वेळच नाही. त्यामुळे बारा महिने गोठायची तयारी ठेवलेली बरी.

केर्गेलेनच्या पश्चिमेला, आफ्रिकेच्या बाजूला, दक्षिण आफ्रिकेचे मॅरियन बेट आहे. तिथे न उडणाऱ्या एका पतंगाची अळी आहे. मेलेली पाने-गवत खाऊन तिचे खत करणारी, म्हणजे आपल्या शेतातल्या गांडुळाचे काम तिथे बऱ्याच अंशी तीच करते. उणे पाच अंशांच्या आसपास ही अळी गोठते आणि वितळल्यावर पुन्हा पाने खायला लागते. त्याहून दोनेक अंश खाली गेले की मात्र मरते. बेटावर तेवढी थंडी सहसा पडत नाही. म्हणजे गरज आहे तेवढेच कवच. अल्बट्रॉस नावाच्या अवाढव्य समुद्रपक्ष्याच्या घरट्यात या अळ्या दाटीने सापडतात. पक्षी अंडी उबवतो, अळीलाही फुकट ऊब मिळते.

वैरणीतून आलेला भुंगेरा

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रान्सच्या एका कंपनीने केर्गेलेनवर मेंढ्या पाळायचे ठरवले. पोर-कुव्रो नावाच्या जागी खोपटी बांधली. मेंढ्या आणि वैरण आली दक्षिण अमेरिकेजवळच्या फॉकलंड बेटांवरून. १९१३ साली त्या वैरणीत एक लहानसा गडद रंगाचा भुंगेरा आला. मेरिझोडस त्याचे नाव. मेंढपाळीचा धंदा काही चालला नाही. १९३१ साली वस्ती मोडली. माणसे गेली, मेंढ्या गेल्या, भुंगेरा राहिला.

हा भुंगेरा शिकारी आहे. केर्गेलेनच्या मूळ किड्यांमध्ये त्याच्यासारखा दगडाखाली फिरून दुसऱ्या किड्यांना खाणारा भुंगेराच नव्हता. त्या बिनपंखी माशीच्या अळ्यांना आपला बचाव कसा करायचा हे ठाऊकच नाही. जिथे भुंगेऱ्यांची संख्या वाढली, तिथून ती माशी जवळपास नाहीशी झाल्याचे फ्रेंच शास्त्रज्ञांना दिसले.

गंमत अशी की भुंगेऱ्यालाही उडता येत नाही. शिवाय त्याला कोरडेपणा सोसत नाही. अंगातले पाणी लवकर उडून जाते. मग तो टिकला कसा? समुद्रकाठच्या ओल्या दगडांखाली, किनाऱ्याला लागलेल्या कुजक्या शेवाळाच्या ढिगाखाली त्याने बस्तान बसवले. तिथे ओल कायम, खायला अळ्या भरपूर, आणि समुद्राच्या शेजारामुळे थंडी आतल्या डोंगराइतकी चावत नाही. त्याच्या मूळच्या घरीही हवा गारच होती, त्यामुळे केर्गेलेन त्याला परके वाटलेच नसावे. काठाकाठाने तो सरकत राहिला.

या बेटांवर दुसरा पाहुणा १९७० नंतरच्या काळात स्थिरावला. मटणाच्या दुकानात, उकिरड्यावर घोंगावणारी निळसर चकचकीत माशी आपण पाहतो ना, तिच्याच घराण्यातली युरोपातली निळी माशी. हिला पंख आहेत. हिचीही अंडी कुजक्या मांसावर, म्हणजे बिनपंखी माशीच्या ताटातच हिने हात घातला.

युरोपातल्या जहाजांतून अशा माश्या याआधीही आल्या असतील. मग आताच का टिकली? इथे तापमानाचा हिशोब येतो आणि तो मजुरीच्या हिशोबासारखा आहे. प्रत्येक किड्याची एक खालची मर्यादा असते. त्या तापमानाखाली त्याची वाढ थांबते. मर्यादेच्या वर जेवढे अंश, तेवढी त्या दिवसाची कमाई. ठरावीक कमाई साठली की अंड्याची अळी, अळीचा कोश, कोशाची माशी. समजा एखाद्या किड्याची मर्यादा तीन अंश आहे आणि बेटाचे तापमान पाच. रोजची कमाई दोन. आता बेट फक्त एका अंशाने तापले, सहा झाले. कमाई दोनाची तीन झाली, म्हणजे दीडपट! आपल्याकडे तीस अंशांचे एकतीस झाले तर कुणाच्या लक्षातही येणार नाही. थंड बेटावर तोच एक अंश सगळे चित्र बदलतो. १९६० च्या दशकानंतर केर्गेलेनचे सरासरी तापमान एक अंशाहून जास्त वाढले. जी माशी पूर्वी उन्हाळा संपण्याआधी पिढी पुरी करू शकत नव्हती, तिची पिढी पुरी होऊ लागली. आणि या माशीच्या अळ्या आणखी एक युक्ती करतात. एका मढ्यावर शेकडोंनी गर्दी करतात. त्या वळवळीने गर्दीच्या आत बाहेरच्या हवेपेक्षा जास्त ऊब तयार होते. चुलीशिवाय शेकोटी!

मॅरियनवरही असेच झाले. १९६९ ते १९९९ या तीस वर्षांत तिथले तापमान १.२ अंशांनी वाढले आणि पाऊस कमी झाला. तिथल्या मातीत स्प्रिंगटेल नावाचे टाचणीच्या डोक्याएवढे जीव आहेत. शेपटीखालच्या काट्याने टुणकन उडी मारतात, कीटकांचे चुलत भाऊच म्हणा. मूळचे आहेत आणि युरोपातून आलेलेही आहेत. चाऊन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन्ही जाती काही दिवस वेगवेगळ्या तापमानांत ठेवल्या, मग कोरड्या हवेत सोडल्या. २००७ साली त्याचा निकाल प्रसिद्ध झाला. मूळचे स्प्रिंगटेल गरम हवेत राहून आले की कोरडेपणात लवकर मरू लागले. परक्यांचे उलटे झाले, गरम हवेत राहून आले की ते कोरडेपणा जास्त सोसू लागले. मला या सगळ्या विषयात हा प्रयोग सर्वात बोलका वाटतो. आपण समजतो, बाहेरून येऊन जम बसवणारा किडा थंडी सोसण्यात मूळच्यांपेक्षा तगडा असणार. तसे नाही. थंडीत मूळचाच पहिलवान आहे. परक्याची कमाई ऊब वाढते तेव्हा होते.

जाता जाता एक ओळखीचे उदाहरण. नाशिक-पुण्याकडचा कुणीही कोबी पिकवणारा चौकोनी ठिपक्याच्या पतंगाला ओळखतो. पानांची चाळण करतो तो. १९८६ साली हाच पतंग मॅरियनवर सापडला. काय खात होता? केर्गेलेन कोबी! या बेटांवर उगवणारी ही रानटी कोबी जुन्या काळी खलाशांना हिरडे सुजण्याच्या रोगावर औषध म्हणून उपयोगी पडे. कोबी दिसली की पतंगाला मुलूख कोणता हे विचारायचे कारण नाही.

सिग्नीची बिनबापाची माशी

आता आणखी दक्षिणेला जाऊ. अंटार्क्टिकाच्या दाराशी, अटलांटिकच्या बाजूला सिग्नी नावाचे छोटे बेट आहे. १९४७ पासून तिथे इंग्रजांचा संशोधन तळ आहे. इथे वर्षाची सरासरीच शून्याच्या खाली. मूळचा एकही कीटक नाही, गांडूळही नाही. शेवाळ आणि त्यात माइट, स्प्रिंगटेल असले बारीक जीव, बस्स.

१९६० च्या दशकात शास्त्रज्ञांनी इथे एक प्रयोग केला. साउथ जॉर्जिया या तुलनेने उबदार बेटावरची झाडे मातीसकट आणून इथे लावली, ती जगतात का हे पाहायला. झाडे नंतर उपटून टाकली. पण मातीत अळ्या होत्या. चिलटाच्या जातीची, न चावणारी, काही मिलिमीटरची एक माशी, नाव एरेटमॉप्टेरा. ती राहिली हे १९८० च्या दशकात लक्षात आले.

या माशीच्या जन्माची रीतच निराळी. हिच्यात नर नाहीत. सगळ्या माद्या, नराशिवाय अंडी घालतात. म्हणजे मातीच्या एका ढेकळातून एकच अळी आली तरी वंश चालू. पंख नाहीत, म्हणून वारा नेत नाही. प्रौढ माशी जगते जेमतेम काही दिवस. अळी मात्र मातीत दोन वर्षे काढते. आणि अळी गोठून जगू शकते! इतकेच नव्हे, गारठा वाढू लागला की काही तासांत तिचे शरीर थंडीला तयार होते, हे इंग्लंडमधील शास्त्रज्ञांनी २०१२ साली दाखवले. सिग्नीच्या मातीत, बर्फाच्या गोधडीखाली हिवाळ्यात जितकी थंडी होते ती ही अळी सहज पचवते. तिच्या मूळ बेटावर तेवढ्या थंडीची गरजच नव्हती. गरजेपेक्षा जास्त कवच घेऊन ती जन्माला आली होती, ते नव्या जागी कामी आले. म्हणजे निळ्या माशीला ऊब वाढण्याची वाट पाहावी लागली, हिला तीही पाहावी लागली नाही. हिला फक्त समुद्र ओलांडून देणारे कुणी हवे होते.

तिथे गांडूळ नव्हते, ते काम हिने हाती घेतले. शेवाळ आणि कुजलेला पाला खाऊन ती माती करते. ऐकायला चांगले वाटते. शेतकऱ्याला विचारा, तो म्हणेल माती सुपीक झाली, बिघडले काय? बर्मिंगहॅम विद्यापीठ आणि ब्रिटिश अंटार्क्टिक सर्व्हे यांच्यासाठी काम करणाऱ्या जेसामिन बार्टलेट यांनी माती तपासली. माशी आहे तिथे नायट्रेट, म्हणजे झाडाला लागणारे नत्र, तीन ते पाच पट जास्त निघाले. एरवी एवढे नत्र तिथे सील लोळतात त्या जागी सापडते. पण सिग्नीचे शेवाळ गरिबीत वाढायला शिकलेले आहे. माती श्रीमंत झाली तर ती बाहेरून येणाऱ्या गवताला सोयीची, शेवाळाला नव्हे. एका किड्याने दुसऱ्या पाहुण्यासाठी अंथरूण घालून ठेवावे, तसे हे झाले.

माशी पसरते कशी? चालत तर ती फार लांब जात नाही. बार्टलेट यांना असे दिसले, की शास्त्रज्ञांच्या जाण्यायेण्याच्या पायवाटांशी तिच्या पसरण्याचा संबंध लागतो. बुटाच्या तळव्याला चिकटलेली माती! या अळ्या समुद्राच्या खाऱ्या पाण्यातही काही काळ तग धरतात. आणि थंडी सोसण्याच्या बाबतीत अंटार्क्टिकाच्या मुख्य भूमीचा काही भागही तिला जमण्यासारखा आहे.

याच टापूतील किंग जॉर्ज बेटावर तर निराळाच प्रकार. २००६-०७ च्या उन्हाळ्यात उरुग्वे देशाच्या तळावर लांब पायांचे एक चिलट आढळले. उत्तर गोलार्धात हिवाळ्यातही उडणाऱ्या जातीचे. ते राहत होते कुठे? सांडपाण्याच्या टाकीत! बाहेर बर्फ, आत माणसांच्या मोरी-संडासाचे कोमट पाणी. पुढे बेटावरच्या इतर देशांच्या तळांवरही ते सापडले. थंडीशी झुंज देण्याची भानगडच नको, माणसाच्या उबेत राहावे.

या किड्यांना शत्रू म्हणावे असे मला वाटत नाही. भुंगेरा वैरणीत बसून आला, त्याला कुणी विचारले नव्हते. माशी ढेकळात झोपलेली होती. आणणारा माणूस होता, आणि तोही अडाणी नव्हे, शास्त्रज्ञ!

आता मात्र सावधगिरी वाढली आहे. २००७-०८ च्या मोसमात अंटार्क्टिकाला निघालेल्या प्रवाशांचे आणि शास्त्रज्ञांचे कपडे, बॅगा, बूट यंत्राने झाडून पाहिले. दर माणशी सरासरी साडेनऊ बिया निघाल्या. खिशाच्या शिवणीत, बुटाच्या फटीत, चिकटपट्टीच्या काट्यांत. बी जिथे बसते तिथे अंडे किंवा अळीही बसू शकते. १९९१ साली माद्रिदला झालेल्या करारात अंटार्क्टिकात बाहेरचे प्राणी आणि वनस्पती परवान्याशिवाय नेण्यास बंदी घातली गेली, मातीबाबतही कडक दक्षता सांगितली गेली. आपला देशही त्यात आहे. आपल्या मोहिमांची आखणी गोव्यात वास्को इथल्या राष्ट्रीय ध्रुवीय संस्थेतून होते आणि २०२२ साली संसदेने त्यासाठी स्वतंत्र कायदाही केला.

आज या बेटांवर उतरण्याआधी मोठमोठे प्राध्यापकसुद्धा जहाजावर मोरीवर बसल्यासारखे बसतात आणि ब्रशने, टोकदार काडीने बुटाच्या तळव्यातली माती कोरून काढतात. मग जंतुनाशकाच्या पाण्यात बूट बुडवून पाऊल टाकतात. सिग्नीवरून परत निघतानाही तेच करावे लागते, कारण आता तिथली माती बाहेर जाऊ नये याची काळजी आहे. तिथे या उन्हाळ्यात घातलेल्या अंड्यातून निघणारी अळी दोन हिवाळे मातीत गोठत-वितळत काढील. मग काही दिवसांसाठी वर येईल, अंडी घालील आणि मरून जाईल.